फ्रेमच्या पट्टीखाली गेलेली ओळ

मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या पथाऱ्यांवरून जायचं तर नाकाला रुमाल लावावा लागतो. तिथे बायका दिवसभर उकिडव्या बसून वाळल्या मिरचीचे देठ खुडतात. संध्याकाळी त्यांचे हात निखाऱ्यावर धरल्यासारखे जळतात. माझी आई त्यांच्यातलीच. रात्री ती ताकात हात बुडवून बसायची. ते बघत मोठा झालो म्हणून असेल, वर्कशॉप टाकल्यावर पहिला नाद लागला तो देठ काढायच्या यंत्राचा. जाळीचा फिरता ड्रम, आत रबरी बोटं, खाली पंखा. दीड वर्षं खपलो, तेव्हा कुठे मिरची न फुटता देठ सुटायला लागला.

8 जून 2009 रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयात प्रोव्हिजनल अर्ज भरला. संपूर्ण तपशिलाचा अर्ज बारा महिन्यांच्या आत द्यावा लागतो, नाहीतर पहिला अर्ज सोडून दिल्याचं धरतात. तो वेळेत दिला. मग प्रसिद्धी, तपासणी, आक्षेप, उत्तरं. पेटंट मिळायला 14 सप्टेंबर 2017 उजाडला. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये पेढे वाटले आणि प्रमाणपत्र फ्रेमवाल्याकडे दिलं. फ्रेम झकास झाली. फक्त तिची लाकडी पट्टी कागदाच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांवर आली.

माझ्या डोक्यातला हिशेब सरळ होता. पेटंट वीस वर्षांचं, मिळालं 2017 ला, म्हणजे 2037 पर्यंत निवांत. खरं तर प्रमाणपत्राच्या मजकुरातच 8 जून 2009 पासून वीस वर्षं, असं स्पष्ट छापलेलं होतं. ते काही पट्टीखाली नव्हतं. पण आनंदात असलेला माणूस कागद वाचत नाही, नुसता बघतो.

भारतात पेटंटची वीस वर्षं अर्जाच्या तारखेपासून धावतात. आधी प्रोव्हिजनल अर्ज भरला असेल तर त्या तारखेपासून. माझी मुदत 8 जून 2029 ला संपणार होती आणि पेढे वाटले तेव्हाच तिच्यातली सव्वाआठ वर्षं खर्ची पडली होती. कार्यालयाला उशीर झाला म्हणून आपल्याकडे एक दिवसही वाढवून मिळत नाही. अमेरिकेत मिळतो. तिथे कार्यालयाच्या दिरंगाईचे दिवस मुदतीला जोडतात आणि औषधाच्या मंजुरीत गेलेल्या काळापोटी पाच वर्षांपर्यंत वाढ देतात. म्हणून इंटरनेटवर परदेशी पेटंटची अखेरची तारीख पाहून ती इथे लावू नका. आमच्याकडचे एक जुने मिस्त्री पेटंट चौदा वर्षांचंच असतं म्हणून अजून वाद घालतात. तेही एकेकाळी खरं होतं. 1970 च्या कायद्यात चौदाच होती आणि औषधाच्या प्रक्रियेला तर जास्तीत जास्त सात. सरसकट वीस झाली ती 20 मे 2003 पासून.

पण मला बुडवलं ते या चुकीने नाही. बुडवलं ते पट्टीखालच्या ओळीने. नूतनीकरणाची फी 8 जून 2011 पासूनच लागू झाली आहे आणि पुढे दरवर्षी त्याच तारखेला लागू होईल, असं त्या ओळीत होतं. पेटंट उशिरा मिळालं तर मधल्या सगळ्या वर्षांची फी एकदम भरायची असते. रजिस्टरमध्ये नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत, मुदतवाढ मागितली तर फार तर नऊ महिन्यांत. माझी थकबाकी होती तिसऱ्या ते नवव्या वर्षाची. स्वतःच्या नावावर ऑनलाइन भरणाऱ्याला तिसऱ्या ते सहाव्या वर्षाला 800 रुपये आणि सातव्या ते दहाव्याला 2,400. म्हणजे एकूण 10,400 रुपये. एवढे पैसे त्या हंगामात माझ्या गल्ल्यात होते, पण भरले गेले नाहीत आणि पेटंट बंद पडलं. अर्जाचं काम पाहणाऱ्या पेटंट एजंटाने कळवलं नाही, हे खरं. मी मोबाइल नंबर बदलला होता आणि त्याला सांगितला नव्हता, हेही खरं.

दरम्यान मी स्वतःला हुशार समजून आणखी एक काम केलं होतं. 2013 मध्ये यंत्राला बी आणि धूळ वेगळी करणारी चाळण बसवली आणि तिच्यासाठी जोड पेटंटचा अर्ज केला. तेही 2017 च्या नोव्हेंबरात मिळालं. दुसरा कागद म्हणजे दुसरी वीस वर्षं, असं मी धरून चाललो. तसं नसतं. जोड पेटंटला वेगळी नूतनीकरण फी नसते, हा त्याचा फायदा. पण त्याची मुदत मूळ पेटंटबरोबरच संपते आणि मूळ पेटंट फीअभावी बंद पडलं तर तेही बंद पडतं. खुंटाच उपटला तर त्याला बांधलेलं वासरू कुठे राहणार? सुधारणा स्वतःच्या बळावर पेटंटला पात्र ठरेल अशी असेल, तर तिचा स्वतंत्र अर्ज करावा की जोड, हे एजंटाला समोर बसवून विचारा. स्वतंत्र अर्जाची फी वेगळी पडते, पण घड्याळही वेगळं चालतं.

विभागलेल्या अर्जाबद्दलही असाच गैरसमज असतो. एका अर्जात दोन शोध आले की कार्यालय ते वेगळे करायला सांगतं. वेगळ्या केलेल्या अर्जाला मात्र तारीख मूळ अर्जाचीच मिळते. चार वर्षांनी विभागला तरी वीस वर्षं पहिल्या दिवसापासूनच.

फेब्रुवारी 2019 मध्ये मी बाहेरगावच्या एका कारखानदाराशी करार केला. प्रत्येक यंत्रामागे 1,500 रुपये रॉयल्टी, 2037 पर्यंत. त्या दिवशी दोघांपैकी एकाने जरी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून रजिस्टर उघडलं असतं तर वाचलो असतो. बंद पडलेलं पेटंट पुन्हा चालू करायचा अर्ज, ते बंद झाल्यापासून अठरा महिन्यांत करता येतो. चूक हेतुपुरस्सर नव्हती आणि कळल्यावर उगाच वेळ काढला नाही, हे पटवून द्यावं लागतं. फेब्रुवारीत ते दार उघडं होतं. रजिस्टर उघडलं ते 2021 मध्ये, कारखानदाराच्या वकिलाने. फार ताणून मोजलं तरी मुदत डिसेंबर 2019 मध्येच संपली होती. वकील फोनवर एवढंच म्हणाला, "आप्पा, हे यंत्र आता कोणीही करू शकतं." कारखानदारांनी दिलेली रॉयल्टी परत मागितली नाही, हा त्यांचा भलेपणा. करार मात्र तिथेच संपला. आज माझ्यासारखीच यंत्रं दुसरीकडे तयार होतात आणि ती करणाऱ्यांना चोर म्हणायचा मला हक्क नाही.

हे सगळं आपल्यासारख्या कारागिराच्या कामाचं, इतरांना काय त्याचं, असं वाटेल. पण ही तारीख आजाऱ्याच्या खाटेपर्यंत पोचते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर बेडाक्विलिन नावाची गोळी आहे. तिच्या मूळ पेटंटची मुदत भारतात 18 जुलै 2023 ला संपली. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने त्याच औषधाच्या क्षारासाठी नंतरच्या तारखेचा वेगळा अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी 2027 पर्यंत लांबली असती. क्षयरोगातून उठलेल्या दोघीजणी, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, यांनी 2019 मध्ये त्याला विरोध नोंदवला आणि 23 मार्च 2023 रोजी पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. मुदत वाढवून मिळत नाही तिथे लोक नव्या तारखेचा अर्ज पुढे करतात, तो असा. म्हणून एखाद्या वस्तूचं पेटंट कधी संपतं, याचं उत्तर एका क्रमांकात मिळत नाही. तिच्याभोवतीचे सगळे अर्ज शोधावे लागतात. अर्ज आंतरराष्ट्रीय मार्गाने आला असेल तर वीस वर्षं आंतरराष्ट्रीय अर्जाच्या तारखेपासून मोजतात. परदेशात आधी अर्ज करून वर्षाच्या आत थेट इथे केला असेल तर इथल्या अर्जाच्या तारखेपासून.

आता नवीन पोरं यंत्र घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना मी आधी वही काढायला लावतो. पहिल्या पानावर पहिल्या अर्जाची तारीख, खाली वीस वर्षांच्या फीचे वीस रकाने, त्यातले पहिले दोन कोरे. अकराव्या ते पंधराव्या वर्षाला 4,800, पुढे 8,000. सगळी मिळून 76,800 रुपये. चार किंवा अधिक वर्षांची फी आगाऊ ऑनलाइन भरली तर 2024 च्या नियमांनुसार दहा टक्के सूट मिळते. तपासणीची विनंतीही आता एकतीस महिन्यांत करावी लागते, पूर्वी अठ्ठेचाळीस होते. ती चुकली तर अर्ज मागे घेतला असंच धरतात. आणि एजंट बदलला, घर बदललं, नंबर बदलला तर कार्यालयाला आधी कळवा.

आणखी एक विनंती, शेतकरी भावांना. आपल्या नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. त्याची मुदत दहा वर्षांची आणि तीही अर्जाच्या तारखेपासूनच मोजतात. पेटंटसारखं ते संपून जात नाही, दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येतं. पण करावं लागतं. ज्यांच्या हाती ती नोंदणी आहे, त्यांना पुढची तारीख कोणती म्हणून एकदा विचारून घ्या.