पांडाज अपडेट केलं आणि जीएसटीचा रिपोर्ट अडकला

मागच्या व्हिडिओत आपण पायथॉनने रोजच्या विक्रीच्या एक्सेल फाइल्स एकत्र केल्या होत्या. तीच स्क्रिप्ट माझ्याच दुकानात बंद पडली, ते आज सांगतो.

जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख ११. मी बसलो १० च्या रात्री, आणि हौसेने आधी पांडाज लायब्ररी अपडेट केली. झालं! पहिल्याच जोडणीला एरर: डेटाफ्रेममध्ये ‘अपेंड’ नावाचं काही नाहीच.

चूक माझीच. पांडाजवाल्यांनी १.४ व्हर्जनपासून, म्हणजे जानेवारी २०२२ पासून इशारा दिला होता. स्क्रीनवर ‘फ्यूचर वॉर्निंग’ यायची, मी बघून सोडून द्यायचो. एप्रिल २०२३ मध्ये २.० आलं, त्यात ‘अपेंड’ काढूनच टाकलं. कारण रास्त आहे. पायथॉनच्या लिस्टचं अपेंड त्याच लिस्टमध्ये भर घालतं. हे मात्र दर वेळी सगळा डेटा नव्याने कॉपी करायचं. म्हणजे एक बिल लिहायला अख्खी वही पुन्हा उतरवायची!

आता असं करा. सगळ्या फाइल्स वाचून एका लिस्टमध्ये ठेवा, आणि लूप संपल्यावर ‘कॉनकॅट’ एकदाच चालवा. माझ्या दोनच ओळी बदलल्या, पण त्या सापडेपर्यंत रात्रीचा दीड वाजला.

आणि अपडेट करण्याआधी ‘पिप फ्रीझ’ चालवून चालू व्हर्जन्सची यादी रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये सेव्ह करा. बिघडलंच तर त्या यादीवरून जुनं व्हर्जन परत बसवता येतं. १० तारखेला तर अपडेटला हातच लावू नका.