विरळ हवा आणि विमान

भर उन्हाळ्यात विमान अडते ते बहुधा इंजिन तापल्यामुळे नव्हे, तर हवा विरळ झाल्यामुळे. दाब तोच असता १५ अंश सेल्सियसच्या मानाने ४८ अंशांवर हवेची घनता सुमारे एक दशांशाने घटते. पंखांना उचलून धरणारे बल तेवढेच राखण्यास मग वेग वाढवावा लागतो; पण इंजिनालाही विरळच हवा मिळत असल्याने त्याचा रेटा उणा पडतो. साहजिकच धावपट्टी लांब लागते. ती नसल्यास प्रवासी, सामान वा इंधन कमी करावे लागते.

२० जून २०१७ रोजी अमेरिकेतील फिनिक्स येथे पारा ४९ अंशांच्या घरात जाईल असा अंदाज होता. लहान बंबार्डियर विमानांची कमाल मर्यादा सुमारे ४७.८ अंशांची, त्यांची चाळीसहून अधिक उड्डाणे रद्द झाली.

पहाटेचे उड्डाण हा सोपा उपाय खरा. पण नवी धावपट्टी आखताना पुढच्या उन्हाळ्यांचाही हिशेब धरावयास हवा.