तिसरा प्रयत्न नको, मनोविकार नर्सिंग बघा

नीटचा निकाल लागला की अकोल्यातून, अमरावतीतून एकच प्रश्न येतो : "सर, पोट्टी अजून एक साल घेते म्हणते. घेऊ द्याव का?" दोन प्रयत्नांनंतर गुण जिथल्या तिथेच असतील, तर माझं उत्तर 'नाही' असं आहे. बीएएमएस, बीएचएमएस, फार्मसी हे रस्ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तुम्हाला सांगून झालेत. मी वेगळा सांगतो, आणि तो ऐकून बाप खुर्चीतून उठतो : "येड्याईच्या दवाखान्यात पोट्टीले पाठवू का?"

बसा. तिथलं काम आधी ऐका.

उन्मादातला पेशंट जेवायला एका जागी टिकत नाही. नर्स त्याच्या हातात पोळीची गुंडाळी देते, फिरता फिरता खातो. लिथियम हे उन्मादावरचं औषध घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कमी झालं, की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरू लागले, चाल अडखळली, की पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरला गाठायचं. हे आधी नर्सच्याच नजरेला पडतं. नैराश्यातला माणूस औषधानं उठू-बोलू लागला की घरचे निश्चिंत होतात. नेमका तोच काळ जपायचा, कारण निराशा तशीच असते आणि हातापायांत बळ आलेलं असतं.

व्यक्तिमत्त्वविकारात कसोटी वेगळी. बॉर्डरलाइन विकार असलेल्याला सकाळच्या पाळीची सिस्टर देवी वाटते, रात्रीची वैरीण, उद्या उलट. तिन्ही पाळ्यांनी एकच नियम धरला नाही, तर स्टाफच आपसात भांडू लागतो. हातावर वार करून घेतलेल्याची जखम बांधताना प्रवचन नाही, लाडही नाहीत. हे ज्या पोरीला, किंवा पोराला, जमतं, त्याचे नीटचे गुण कोण विचारतो?

वऱ्हाडात याची गरज मी समजावून सांगायला नको. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पानं घरोघरी काम केलं, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ वर गेलं. माणसं मदत घेतात; देणारं कुणी जवळ लागतं.

रस्ता सरळ आहे. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षं, राज्याच्या सीईटी सेलची वेगळी परीक्षा. नाहीतर जीएनएम तीन वर्षं. पुढे मनोविकार नर्सिंगची एक वर्षाची पदविका, किंवा बी.एस्सी. झालेल्यांना एम.एस्सी.; बंगळुरूचं निम्हान्स त्यासाठी नावाजलेलं. नोकरी नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, खासगीत. खासगीत सुरुवातीचा पगार कमी, आणि रात्रपाळी कुणाला चुकत नाही. लपवत नाही.

आता मायबापांना. दारावर 'डॉक्टर'ची पाटी लावायची हौस तुमची, आणि झोप उडालेलं, जेवण सुटलेलं लेकरू तुम्ही माझ्याकडे करिअर विचारायला आणता! त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आहे. टेली मानसचा १४४१६ हा मोफत नंबर मराठीत बोलतो. ॲडमिशन दोन महिने थांबली तर काही बिघडत नाही.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका. नर्सिंग कौन्सिलची मान्यता बघा, मनोविकार विभागाची पोस्टिंग कोणत्या रुग्णालयात आणि किती आठवडे, ते विचारा. ती पोस्टिंग खरंच होते की नुसती कागदावर, हे शेवटच्या वर्षाच्या मुलींना गेटबाहेर गाठून विचारा.