तेल विकताना लिटर म्हणजे किलो नव्हे
दादर, हिंदमाता, परळच्या गिऱ्हाइकांना घाण्याचं शेंगदाणा तेल देणाऱ्यांसाठी: १ लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. किलोला ३०० रुपये धरले तर लिटरचे २७३ च होतात. लिटरची बाटली देऊन किलोचे पैसे घेतले, तर ९० ग्रॅम कमी गेलं; मुंबईचं गिऱ्हाईक घरी वजन करून बघायला कमी करत नाही! उलट लिटरच्या भावात किलो दिलं, तर सुमारे १०० मिली आपलं गेलं. १५ किलोच्या डब्याला जवळपास साडेसोळा लिटर लागतं.
तेल तापलं की फुगतं, म्हणून मापापेक्षा काटा बरा. रिकामी बाटली ठेवून काटा शून्यावर आणा, मग भरा. लेबलवर लिटर आणि ग्रॅम दोन्ही टाका, तापमान नको. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्येच तसं सांगितलंय.