सुमे, हाडाला वेळ दे

सुमे, काल फोनवर "ताई, डॉक्टर म्हणतात आधी हाड भरावं लागेल" एवढंच बोललीस आणि गप्प झालीस. ते गप्प होणं माझ्या ओळखीचं आहे गं. तीन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी ऐकलं, तेव्हा दोन दिवस घरात कुणाशी बोलले नव्हते. हाड भरायचं म्हटलं की डोळ्यांसमोर ऑपरेशन थिएटर आणि प्लॅस्टरच येतं. म्हणून आज सगळं नीट सांगते. चहा घेऊन बस.

आईची खालची कवळी आठवते तुला? नवीन करून आणली की काही दिवस बरी चालायची, मग सैल व्हायची. जेवताना ती जिभेने दाबून धरायची. भाकरीची कड तिने कित्येक वर्षांत चावली नाही, दुधात कुस्करून खायची. आपण म्हणायचो, कवळी करणाऱ्याने माप चुकवलं. माप चुकलं नव्हतं. कवळीखालचं हाडच झिजत होतं.

दात असतो तोवर चावण्याचा दाब मुळांवाटे जबड्याच्या हाडाला मिळत राहतो, आणि शरीर ते हाड सांभाळतं. दात गेला की त्या हाडाला काम उरत नाही. मग शरीर ते हळूहळू काढून घेतं. पहिल्या तीन महिन्यांत ही झीज सगळ्यात वेगाने होते, आणि वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. गालाकडची भिंत मुळात पातळ असते, तीच आधी खचते. तेव्हा "माझंच काहीतरी चुकलं" असं मनात आणू नकोस. हाडाचा स्वभावच तसा आहे.

माझी डावीकडची खालची दाढ काढली तेव्हा मी म्हटलं, आतली तर आहे, कुणाला दिसतेय! मुलांच्या परीक्षा, घराचे हप्ते, असं करत करत सात वर्षं गेली. दाढ काढतानाच त्या खड्ड्यात ग्राफ्ट, म्हणजे हाडाचा भराव, भरून हाड बरंचसं राखता येतं, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पुढे स्कॅन केला, तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. तो साधारण 4 मिलिमीटर जाड, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना किमान एक ते दीड मिलिमीटर हाड हवं. माझ्याकडे सगळं मिळूनच 4 मिलिमीटर होतं. भिंतीत खुंटी ठोकायची आणि भिंत खुंटीएवढीच जाड, असा प्रकार. स्कॅनमधला तो आडवा छेद डोळ्यांनी पाहिला आणि माझी भीती निम्मी झाली. तूही तुझा सीबीसीटी स्कॅन डॉक्टरांना समोर उघडून दाखवायला सांग.

आणि ग्राफ्ट भरतात तेव्हा होतं काय, तर दाढ काढताना देतात तसंच बधिर करणारं इंजेक्शन. मी पूर्ण जागी होते. हिरडी बाजूला केली. शेजारच्या ट्रेमध्ये छोटीशी स्टीलची वाटी होती, तीत पांढरट दाणे, अगदी जाडसर रव्यासारखे. डॉक्टरांनी त्यात माझ्याच रक्ताचे थेंब मिसळले आणि तो भिजल्या रव्यासारखा गोळा जागेवर बसवला. वर पातळ पडद्यासारखं मेंब्रेन, मग टाके. मेंब्रेन कशाला, तर हिरडी भराभर वाढते आणि हाड सावकाश. मध्ये आडोसा नसेल तर हाडाची जागा हिरडीच बळकावते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल चांगलाच सुजला होता, मग ओसरला. दुखलं, पण गोळ्यांनी भागलं.

आता ते दाणे कशाचे, हे तू करण्याआधीच विचारायचंस. स्वतःच्या हनुवटीतलं किंवा दाढेमागचं हाड घेतात, त्यासाठी दुसरी जखम सोसावी लागते. दान केलेल्या मानवी हाडावर प्रक्रिया करून वापरतात. गाईगुरांच्या हाडापासून केलेले दाणे तर जगभर फार वापरले जातात, आणि मेंब्रेनही बऱ्याचदा जनावराच्या कोलॅजेनचं असतं. चौथा प्रकार कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटचा. तुझ्याकडे देवाधर्माचं सगळं काटेकोर आहे, सासूबाईही विचारतील. नंतर कळून मनाला लागण्यापेक्षा आधी स्पष्ट विचार, "दाणे कशाचे? मेंब्रेन कशाचं? माझ्या जागेला कृत्रिम चालेल का?" यात लाजण्यासारखं काही नाही. ते तुझ्या शरीरात बसणार आहे.

तुझं प्रकरण वरच्या दाढांचं, म्हणून थोडं वेगळं. वरच्या दाढांच्या मुळांवर सायनसची पोकळी असते. दाढा गेल्या की हाड खालून झिजतं आणि ती पोकळी वरून खाली उतरते. सायनस लिफ्ट म्हणजे त्या पोकळीचं नाजूक अस्तर हलकेच वर उचलून खाली ग्राफ्ट भरणं. हाडाची उंची बऱ्यापैकी उरली असेल तर त्याच बैठकीत इम्प्लांटही बसवतात. फारच कमी असेल तर आधी ग्राफ्ट, आणि सहा-एक महिन्यांनी इम्प्लांट. तुला कायमची सर्दी असते, ती आधी सांग आणि बरी करून घे. नंतरचे काही आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. आणि सुमे, तुझी पहाटेची कपालभाती आणि भस्त्रिका डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. आरतीला शंखही दुसऱ्या कुणाला फुंकू दे. आतला दाब वाढला तर नव्याने भरलेलं सगळं हलतं.

लग्नाचं म्हणालीस. पोरीच्या लग्नाआधी दात बसायलाच हवेत, हा हट्ट सोड. ग्राफ्टमध्ये आपलं हाड तयार व्हायला चार ते सहा महिने, कधी जास्तही लागतात. त्यानंतर इम्प्लांट हाडाशी एकजीव व्हायला आणखी तीन ते सहा. टायटॅनियम हाडाशी असं घट्ट जुळतं, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडावर प्रयोग करताना दिसलं, आणि 1965 मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे इम्प्लांट बसवले. तेव्हापासून साधनं खूप सुधारली, तरी हाडाला आपला वेळ द्यावाच लागतो. फोटोंसाठी काढता-घालता येणारे तात्पुरते दात करून मिळतात. फक्त ते ग्राफ्टवर दाबत नाहीत ना, एवढं डॉक्टरांकडून पाहून घे.

आता जरा रागावणार आहे. सकाळी बाकीच्या बायकांबरोबर मिश्री लावतेस ना, ती आजपासून बंद. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तंबाखूने जखमेचा रक्तपुरवठा घटतो, भरलेलं हाड धरत नाही. डॉक्टरांपासून ती लपवूही नकोस. तुझी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून तो कागद बरोबर ने. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांग. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला एक गोळी किंवा सहा महिन्यांनी इंजेक्शन घेत असशील, तर ते आवर्जून सांग. त्या औषधांवर असताना क्वचित जबड्याची जखम भरतच नाही. पण आपल्या मनाने कुठलंही औषध थांबवायचं नाही, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू दे.

कागदावर प्रश्न लिहून ने. हाड किती उरलंय? ग्राफ्ट न करता आखूड इम्प्लांट किंवा ब्रिज चालेल का? ब्रिज असेल तर शेजारचे कुठले दात घासून बारीक करावे लागतील? ग्राफ्ट धरला नाही तर पुढे काय, आणि त्याचे पैसे वेगळे का? ग्राफ्ट, मेंब्रेन, इम्प्लांट, कॅप, सगळ्याचा खर्च वेगवेगळा लिहून माग. कुणी "आजच करून टाकू" अशी घाई केली तर "विचार करून सांगते" म्हणून उठून ये. दुसरं मत घ्यायला मुंबईत नायर डेंटल आहे, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय आहे. तिथे रांग असेल, पण मी येते बरोबर.

केल्यावर पहिले दोन दिवस बाहेरून बर्फाचा शेक, जोरात चुळा नाहीत, थुंकणं नाही, स्ट्रॉने शहाळंसुद्धा नाही. खिमट, मऊ भात, वरणाचं पाणी, सगळं कोमट. एखाद-दुसरा दाणा तोंडात आला तर घाबरू नकोस, तसं होतं. पण रक्त थांबेना, पू किंवा ताप आला, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतच गेली, तर रात्र असली तरी फोन करायचा. खिमट मी डब्यात घेऊन येईन, त्याची काळजी सोड.

माझं सगळं पुरं व्हायला वर्ष लागलं. मग एका रविवारी तव्यावरून उतरलेल्या ज्वारीच्या भाकरीची कडक कड मी डाव्या बाजूने चावली, आणि घास तोंडात असतानाच मला आई आठवली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, सुमे. तुला मी सांगितलंय. आणि परवा डावीकडची दाढ हलतेय म्हणालीस ना? तीही याच खेपेला दाखव. काढायचीच म्हणाले, तर काढण्याआधी विचार, "इथलं हाड राखण्यासाठी आत्ताच काही करता येईल का?"