मोटर थकत चालली आहे, हे आधी कसं ओळखाल? रुग्णसेवेची उपकरणं भाड्याने देणाऱ्यांसाठी नोंदवहीचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत टाँग टेस्टर कसा लावायचा ते दाखवलं आहे. या लेखात त्यावर दिसलेल्या आकड्याचं पुढे काय करायचं ते बघू. इलेक्ट्रिक बेड, बॅटरीवरची व्हीलचेअर, सक्शन मशीन, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अशी उपकरणं तुम्ही भाड्याने देत असाल किंवा दुरुस्त करत असाल, तर वही-पेन घेऊनच बसा.

भिवंडी तालुक्यात मोटर जाणणारा माणूस शोधावा लागत नाही. यंत्रमागाच्या गावात रिवाइंडिंगची दुकानं गल्लोगल्ली आहेत. मागावरची साधारण एक अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर उघडून, तार भरून, वॉर्निश देऊन पुन्हा चालू करणारे कारागीर इथे पिढ्यान् पिढ्या आहेत. मग दिघाशी, अंबाडी, वज्रेश्वरी, गणेशपुरी या पट्ट्यात एखाद्या घरातला बेड अडकला, की ठाण्या-मुंबईहून इंजिनिअर येण्याची वाट का बघावी लागते? कारागिरी कमी आहे म्हणून नाही. कारण वेगळं आहे, आणि तुमचा धंदा त्या कारणातच दडलेला आहे.

माग दिवसाचे दहा-बारा तास जॉबरच्या कानासमोर चालतो. बेअरिंगचा आवाज जरा बदलला की त्याला कळतं, कारण कालचा आवाज त्याच्या डोक्यात असतो. घरातल्या बेडची मोटर दिवसाला चार-पाच मिनिटं चालते, तीही आजींच्या खोलीत, टीव्ही चालू असताना. तो आवाज ऐकणारा जाणता कान तिथे नाही. सून म्हणेल, "थोडा आवाज येतो हो, पण चालतोय." भाड्याच्या बेडचं तर आणखी अवघड. तो तीन महिने एका घरात, पुढचे दोन दुसऱ्या घरात. कालचा आवाज कोणाच्याच डोक्यात नाही.

म्हणून कानाचं काम वहीला द्यायचं. प्रत्येक मशीनला एक नंबर आणि वहीत त्याचं एक पान. मशीन बाहेर जाताना आणि परत येताना तेच ठरलेले आकडे, त्याच पद्धतीने घ्यायचे. मोटरची झीज एका आकड्यात दिसत नाही. "३ अँपिअर" म्हणजे चांगलं की वाईट, हे कोणीच सांगू शकत नाही. तीच मोटर, तेच वजन, आणि मार्चमध्ये २.२ असलेली जुलैत ३ झाली, तर मात्र ती स्वतःच बोलते आहे.

साधनं फार लागत नाहीत. डीसी मोजणारा टाँग टेस्टर, व्हर्निअर, इन्फ्रारेड थर्मामीटर आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. टाँग टेस्टर घेताना एक गोष्ट नीट बघा. दुकानात मिळणारे स्वस्त टेस्टर बहुतेक फक्त एसी मोजतात. बेड आणि व्हीलचेअरच्या मोटरी २४ व्होल्ट डीसीवर चालतात, तिथे असा टेस्टर शून्य दाखवेल. शिवाय जबडा एकाच तारेभोवती लावायचा. दोन्ही तारा एकत्र पकडल्या तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकाला खाऊन टाकतो.

आता एकेक मशीन घेऊ.

व्हीलचेअर शिकायला सगळ्यात सोपी, कारण तिला दोन मोटरी असतात. डावी आणि उजवी. म्हणजे तुलनेचा आकडा मशीनमध्येच आहे! खुर्ची ठोकळ्यावर ठेवून मागची चाकं मोकळी करा आणि दोन्ही मोटरींचा करंट घ्या. समजा उजवी २.१ आणि डावी ३.४ अँपिअर घेते. डावीकडे काहीतरी अडतंय. पण लगेच मोटर उघडू नका. आधी चाकाच्या आसाभोवती बघा. आपल्याकडे घरात, गल्लीत सुताचे धागे पडलेले असतात, ते आसाभोवती गुंडाळून घट्ट कडं तयार होतं. कात्रीने कापलं की अर्धं काम झालं. नंतर ब्रेक बघा. या मोटरींना मागे विद्युतचुंबकीय ब्रेक असतो. वीज मिळाली की तो सुटतो, वीज गेली की पकडतो. तो पूर्ण सुटत नसेल तर मोटर ब्रेक ओढत चालते, तापते, बॅटरी लवकर उतरते आणि ग्राहक बॅटरीला दोष देतो. बॅटरी बदलून दिलीत तर तुमचे पैसे गेले आणि तक्रार तिथेच राहिली. गिअरचा लिव्हर सोडून चाक हाताने फिरवून बघायचं असेल तर सपाट जमिनीवरच. लिव्हर सोडलेल्या खुर्चीला ब्रेक नसतो.

त्यानंतर कार्बन. कार्बन ब्रश हा झिजण्यासाठीच बनवलेला भाग आहे, त्यामुळे त्याची झीज मोजायला सोपी. समजा नवा ब्रश १६ मिमी होता, चार महिन्यांनी १३ मिमी भरला. महिन्याला पाऊण मिमी. कंपनीच्या पुस्तिकेत किमान लांबी ७ मिमी दिली असेल, तर हिशेबाने आठ महिने बाकी आहेत. पण मी सहाव्या महिन्यात बदलेन. कारण ब्रश आखूड झाला की बऱ्याच मोटरींत मागच्या स्प्रिंगचा दाब कमी होतो, ठिणग्या वाढतात, आणि शेवटचे दोन-तीन मिमी आधीच्यापेक्षा भराभर जातात. शिवाय ठिणग्यांनी कम्युटेटर खरवडला गेला की शंभर-दोनशेच्या कामाची किंमत अख्ख्या मोटरीवर जाते. किमान लांबी पुस्तिकेतूनच घ्या, माझे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून आहेत. काळ्या भुग्याला फुंकर मारू नका. तो वीजवाहक असतो आणि उडून नको तिथे बसतो. ब्रशने झाडून व्हॅक्यूमने ओढा. काही मोटरींना कार्बन नसतातच, त्या ब्रशलेस. तिथे बेअरिंग आणि केबलचा जोड, एवढ्यावरच लक्ष.

बेडचं वेगळं. बेडखाली जी दांडी लांब-आखूड होते त्या अ‍ॅक्च्युएटरमध्ये छोटी मोटर, गिअर आणि आटे असलेला स्पिंडल असतो. त्याचं लेबल वाचा. बहुतेकांवर १० टक्के ड्युटी लिहिलेली असते, म्हणजे २ मिनिटं चालवली तर १८ मिनिटं विश्रांती. हे किती घरांना माहीत आहे? नातवंडं रिमोटवर बेड वर-खाली करत बसतात, आजी हसतात, आणि मोटर आत भाजते. ही सूचना मराठीत, मोठ्या अक्षरात, रिमोटच्या मागे चिकटवा. अर्ध्या रुपयाचा कागद आहे.

बेडची तपासणी स्टॉपवॉचने होते. वाळूच्या ठरलेल्या पिशव्या ठेवा, समजा पाठीच्या भागावर ४० किलो, आणि खालून वर पूर्ण जायला किती सेकंद लागतात ते लिहा. २२ सेकंदांचे २७ झाले आणि करंटही वाढला, तर स्पिंडल कोरडा आहे किंवा बेअरिंग जातंय. सेकंद वाढले पण करंट तेवढाच राहिला, तर आधी अडॅप्टरचं व्होल्टेज तपासा. बिचाऱ्या मोटरीचा दोष नसेलही.

तापमानाबद्दल एक सवय लावून घ्या. वहीत मोटरीचं नुसतं तापमान लिहू नका. खोलीपेक्षा किती जास्त, ते लिहा. मे महिन्यातले ५८ अंश आणि डिसेंबरमधले ५८ अंश एकसारखे नाहीत. खोली ३६ अंश असताना वाढ २२ ची, खोली २३ असताना वाढ ३५ ची. दुसरी मोटर अडचणीत आहे. वायंडिंगचं इन्सुलेशन कायम १० अंश जास्त तापलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा जुना ढोबळ नियम आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून मोटरीवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावरच मोजा, दरवेळी तिथेच.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. कॉन्सन्ट्रेटर आणि सक्शन.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत कॉन्सन्ट्रेटर धडाधड घेतले गेले आणि नंतर पुष्कळसे कपाटात, गोडाऊनमध्ये पडून राहिले. आज सेकंडहँड बाजारात ते स्वस्त मिळतात, म्हणून हा धंदा सुरू करावासा वाटतो. घ्या, पण आत काय आहे ते समजून घ्या. आत तेल नसलेला पिस्टन कॉम्प्रेसर असतो. त्याच्या पिस्टनवरचा कप सील झिजतो, आणि सील झिजला की हवा गळते, मोटरीवरचा भार कमी होतो, करंट उतरतो. व्हीलचेअरमध्ये वाढलेला करंट वाईट होता, इथे उतरलेला करंटही वाईट असू शकतो. "मशीन आता कमी वीज घेतं" म्हणून खूश होणारा माणूस रुग्णाला कमी ऑक्सिजन देत असतो. त्यामुळे इथे करंटवर थांबायचं नाही. ऑक्सिजन अ‍ॅनालायझर लावून, पूर्ण फ्लोवर, मशीन गरम झाल्यावर शुद्धता मोजायची. चांगलं मशीन ९० टक्क्यांच्या पुढे देतं. जागतिक आरोग्य संघटनेने कॉन्सन्ट्रेटरसाठी ८२ टक्के ही किमान मर्यादा धरली आहे. तिच्या जवळ आलेलं मशीन मी भाड्याने देणार नाही, खाली गेलेलं तर नाहीच. अ‍ॅनालायझर परवडत नसेल तर कॉन्सन्ट्रेटरच्या धंद्यात उतरू नका, बेड आणि व्हीलचेअर करा. स्पष्ट बोलतोय, पण यात मधला मार्ग नाही. पावसाळ्यात दमट जागी पडून राहिलेल्या मशीनमधला झिओलाइट ओलावा पितो, तेव्हा मोटर ठणठणीत असूनही शुद्धता घसरलेली असते.

ही मशीन २३० व्होल्टवर चालतात, म्हणून करंटशेजारी त्या वेळचं व्होल्टेजही लिहा. लाइनच्या टोकाच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, आणि इंडक्शन मोटर तेवढाच भार ओढायला जास्त करंट घेते. झीज समजून तुम्ही कॉम्प्रेसर उघडाल आणि दोष निघेल व्होल्टेजचा. तसंच फिल्टर. यंत्रमागाच्या वस्तीत हवेत कापसाचे तंतू असतात, भिवंडी-वाडा रस्त्याजवळ धूळ. बाहेरचा फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या मुदतीपेक्षा लवकर चोंदतो, मशीन आतून तापतं. घरच्यांना फिल्टर धुवून, पूर्ण वाळवून लावायला शिकवा.

सक्शन मशीनची परीक्षा दोन मिनिटांची. नळीचं तोंड अंगठ्याने बंद करा, गेज कुठवर जातं आणि किती सेकंदांत जातं, दोन्ही लिहा. गेज शेवटी तिथेच पोचतं पण वेळ वाढत जातो, ही झिजेची पहिली खूण. ट्रॅकिऑस्टॉमी झालेल्या माणसाच्या घरी रात्री दोन वाजता हा वेळच महत्त्वाचा असतो. अशा घरी पायाने चालणारा पर्यायी पंप दिल्याशिवाय मशीन देऊ नका. उघडण्याआधी निर्जंतुक करा, हातमोजे घाला.

(एअर बेडच्या छोट्या पंपात हवा ढकलायला बहुतेक वेळा मोटर नसते. आत चुंबकाने थरथरणारं रबराचं डायफ्राम असतं. तिथे कार्बन शोधू नका. हवेचे पट्टे आलटून-पालटून भरतात का ते बघा.)

कुठे थांबायचं, तेही लिहून ठेवा. रुग्ण मशीनवर असताना चाचणी नाही. रुग्णाला उचलणाऱ्या होइस्टची चाचणी वजनाच्या पिशव्यांवरच. ब्रिटनमध्ये सेवासंस्थांतल्या अशा होइस्टची दर सहा महिन्यांनी सखोल तपासणी १९९८ च्या नियमांनी सक्तीची आहे, आपण स्वतःहून तो कित्ता गिरवायला काय हरकत? कंट्रोलर जोडलेला असताना मेगर लावू नका, सर्किट जाईल. आणि ओळखीच्या रिवाइंडिंगवाल्याकडे व्हीलचेअरची मोटर सरसकट देऊ नका. त्याचं कौशल्य खरं आहे, पण या मोटरीत कायमचुंबक असतात, उघडताना तडकतात. त्याच्याकडून बेअरिंग, कार्बन, कम्युटेटर साफ करणं एवढंच करून घ्या. २३० व्होल्टचं मशीन दुरुस्तीनंतर गळती करंट तपासूनच द्या. आयईसी ६२३५३ हे मानक त्यासाठीच आहे. आणि उपकरणं विकणार असाल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या एफडीएकडे नोंदणी लागते. भाड्याबाबत तुमच्या सीएला नाही, एफडीएच्या कार्यालयालाच विचारा.

यातून पैसा कुठे येतो? तीन ठिकाणी. एक, डिपॉझिटचा वाद. बेड परत आला, मोटर जड झाली आहे. वही नसेल तर "आमच्याकडे आला तेव्हाच असा होता" यावर तुमच्याकडे उत्तर नाही. जातानाच्या आकड्यांवर घरच्यांची सही असेल तर बोलणं शांतपणे होतं, आणि कधी कधी वही ग्राहकाच्या बाजूनेही निघते. तेव्हा डिपॉझिट पूर्ण परत करायचं. दोन, सुट्या भागांचा साठा. कुठल्या मशीनचे कार्बन कोणत्या महिन्यात संपणार हे माहीत असेल तर घाईचा कुरिअर खर्च वाचतो. तीन, देखभालीचा करार. समजा एका फेरीला पेट्रोल धरून ३५० रुपये खर्च येतो आणि तुम्ही वर्षात चार फेऱ्या देता, म्हणजे १४०० रुपये. त्यावर कार्बन-बेअरिंगचे ४०० आणि तुमच्या वेळेचे १२०० धरले तर ३००० ला करार बसतो. हजार-बाराशेत करार देणारा भेटेल तुम्हाला. तो फेऱ्या मारणार नाही, एवढंच.

आजचा गृहपाठ छोटा आहे. तुमच्याकडची सगळ्यात जुनी तीन मशीनं घ्या, प्रत्येकाला नंबर द्या आणि पहिलं पान भरा: तारीख, व्होल्टेज, करंट, वेळ, खोलीपेक्षा वाढलेलं तापमान, कार्बनची लांबी. जो आकडा लागू नाही तिथे रेघ मारा. महिन्याने त्याच वाराला, त्याच पिशव्या ठेवून पुन्हा मोजा. दोन्ही रांगा शेजारी ठेवल्या की कोणतं मशीन आधी उघडायचं ते दिसेल. पुढच्या व्हिडिओत अ‍ॅक्च्युएटरच्या स्पिंडलला कोणतं ग्रीस, किती आणि कुठे, ते करून दाखवतो.