स्टेशनजवळचे घर

आपल्या लातूर-नांदेडकडची पुष्कळ माणसे पोटासाठी मुंबईच्या बाजूला गेली आहेत. कोणी कारखान्यात आहे, कोणी बांधकामावर, कोणी इस्पितळात, कोणी कचेरीत. आमच्या शाळेत बाराखडी शिकलेली मुलेही त्यांत आहेत. पहिली काही वर्षे ही मुले चार-पाच जण मिळून एका खोलीत राहतात. पुढे लग्न होते, लेकरे होतात. मग एके दिवशी गावी फोन येतो, "आबा, इकडं एक घर पाहिलंय. स्टेशनच्या जवळच आहे. इसार द्यायचाय. खालचं रान विकायचं का?"

रान विकायला चार दिवस पुरतात. ते परत घ्यायला जन्म पुरत नाही. म्हणून इसार देण्याआधी काय काय पाहावे, ते आम्ही या धड्यात सांगणार आहोत. मुलगा कितीही शहाणा असो, पैसा साऱ्या घराचा आहे. तेव्हा विचारण्याचा हक्क साऱ्या घराला आहे.

आधी रेल्वे समजून घेऊ

आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्याला गेली. पुढच्या वर्षी, १८५४ साली, रूळ कल्याणपर्यंत पोचले. कल्याणला या मार्गाला दोन फाटे फुटतात. एक फाटा कसाऱ्याकडे जातो आणि दुसरा कर्जतकडे. नांदेडहून निघणारी गाडी मनमाड, नाशिक करीत कसाऱ्याच्या बाजूने कल्याणला येते. लातूरची गाडी कुर्डुवाडी, दौंड, पुणे करीत कर्जतच्या बाजूने येते. दोन्हीकडच्या माणसांना कल्याण सोयीचे पडते. आपली पुष्कळ माणसे त्या अंगाला घर शोधतात, त्याचे हे एक कारण.

मुंबईच्या मोठ्या स्टेशनाचे नाव आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असे आहे. तेथून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८, वांगणी ७९ आणि कर्जत १०० किलोमीटर आहे. कसाऱ्याच्या फाट्यावर टिटवाळा ६४ किलोमीटरवर आहे. सहसा जितके लांब जावे तितके घर स्वस्त मिळते. पण स्वस्त म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे.

पहिला प्रश्न असा विचारावा : काम कुठे आहे? मुंबईत रेल्वेच्या निरनिराळ्या लाइनी आहेत. बदलापूर, कल्याण मध्य रेल्वेवर. वसई, नालासोपारा, विरार पश्चिम रेल्वेवर. काम अंधेरीला आणि घर बदलापूरला, असे झाले तर वाटेत गाडी बदलावी लागते. गर्दीत एक गाडी पकडणे कठीण, तिथे दोन पकडाव्या लागतात. म्हणून काम ज्या लाइनीवर, शक्यतो त्याच लाइनीवर घर पाहावे.

जवळ म्हणजे किती जवळ?

घर विकणारा म्हणतो, "स्टेशन पाच मिनिटांवर आहे." ही पाच मिनिटे कोणाची? मोटारीची की पायांची? दुपारची की सकाळी सातची? कागदावरची पाच मिनिटे रस्त्यावर पंचवीस होतात. म्हणून आमचे सांगणे असे, की घर रविवारी दुपारी पाहू नये. कामाच्या दिवशी पहाटे तिथे जावे. घराच्या दारातून पायी निघावे. घड्याळ पाहावे. फलाटावर पोचावे. कामाच्या ठिकाणापर्यंत जावे. रात्री त्याच वाटेने परत यावे. वाटेत दिवे आहेत का, हे त्या वेळीच कळते. सून नोकरीला जाणार असेल तर तिलाही बरोबर न्यावे. रात्री नऊला उतरल्यावर ही वाट चालवेल का, हे तिला विचारावे.

घर रुळांच्या कोणत्या बाजूला आहे, तेही पाहावे. स्टेशन समोर दिसते, पण पूल लांब असतो. मग माणसे वेळ वाचवायला रूळ ओलांडतात. असे करताना दरवर्षी मुंबईत कित्येक जीव जातात. ज्या घरातून रूळ ओलांडल्याशिवाय गाडी मिळत नाही, ते घर जवळचे म्हणू नये.

गाडी कोठून सुटते, हीही एक गोष्ट आहे. ज्या स्टेशनावरून लोकल सुरू होते, तिथे बसायला जागा मिळण्याचा संभव असतो. मधल्या स्टेशनावर गाडी भरून येते आणि माणूस दारात लोंबकळतो. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्टेशनजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसे खाली पडली. त्यांतली काही प्राणाला मुकली. ती सारी आपल्यासारखीच घरून निघालेली माणसे होती.

थोडा हिशेब करू

समजा, दोन घरे आहेत. पहिले घर स्टेशनपासून दहा मिनिटे पायी. दुसरे तीन किलोमीटर आत. दुसरे घर दोन लाख रुपयांनी स्वस्त आहे. आबा म्हणतात, "दोन लाख वाचले."

दुसऱ्या घराला रिक्षा लागते. समजा, जायला २० रुपये आणि यायला २० रुपये. दिवसाला ४० रुपये झाले. महिन्यात कामाचे २५ दिवस धरले तर १००० रुपये. वर्षाला १२,००० रुपये. घराचे कर्ज २० वर्षांचे असते. तेवढ्या वर्षांत २,४०,००० रुपये रिक्षात गेले. दोन लाख वाचले कुठे?

आता वेळेचा हिशेब. रिक्षाच्या रांगेत आणि रस्त्यात रोज एक तास जास्त गेला, असे धरू. महिन्याला २५ तास झाले. वर्षाला ३०० तास. वीस वर्षांत ६००० तास. म्हणजे रात्र आणि दिवस धरून पूर्ण २५० दिवस! हे दिवस लेकरांच्या वाटचे आहेत. बाप निघतो तेव्हा लेकरू झोपलेले आणि बाप येतो तेव्हाही झोपलेले. घराची किंमत रुपयांत सांगतात, पण निम्मी किंमत तासांत द्यावी लागते.

पाणी कुठून येते, पाणी कुठवर येते

पाण्याची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. म्हणून घर पाहताना नळ फिरवून पाहावा. तेवढ्याने भागत नाही. शेजारच्या बायकांना विचारावे, "पाणी रोज येतं का? किती वेळ येतं? उन्हाळ्यात टँकर लागतो का? टँकरचे पैसे कोण देतं?" विकणारा सांगणार नाही ते शेजारीण सांगते.

दुसरा प्रश्न पुराचा. बदलापूरजवळून उल्हास नदी वाहते. २७ जुलै २०१९ रोजी या नदीला पूर आला आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. आगगाडी जिथे अडकते, तिथे तळमजल्याच्या घराची काय गत होईल? म्हणून जुन्या रहिवाशांना विचारावे, "२००५ साली पाणी कुठवर आलं होतं? २०१९ साली कुठवर आलं?" ते भिंतीवर हात ठेवून खूण दाखवतील.

भिंत आणि कागद

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण विसरलो नाही. किल्लारी भागात दगड-मातीच्या जड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. घर कसे बांधले आहे यावर जीव अवलंबून असतो, हे आपण त्या दिवशी शिकलो.

पण घर पडायला भूकंपच लागतो असे नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळफाटा येथे एक इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. भूकंप नव्हता, वादळ नव्हते. इमारत परवानगीवाचून घाईघाईने उभी केलेली होती. म्हणून कागद म्हणजे नुसती शाई नव्हे. चांगला कागद हा चांगल्या भिंतीचा पहिला पुरावा आहे.

नव्या इमारतीत घर घेताना हे कागद मागावेत :

१. जमिनीचा सातबारा आणि बिनशेतीचा कागद. सातबारा आपल्याला वाचता येतो. मालकाचे नाव आणि बोजा नीट पाहावा.

२. नगरपरिषदेची किंवा महानगरपालिकेची बांधकाम परवानगी. किती मजल्यांची परवानगी आहे ते वाचावे आणि मजले मोजावेत.

३. महारेराचा नंबर. हा कायदा २०१६ सालचा आहे. ठराविक आकारापेक्षा मोठ्या बांधकामाची नोंद महारेराकडे करावीच लागते.

४. घर तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. राहायला परवानगी आहे, असा त्याचा अर्थ.

कागदाची नक्कल हातात आली म्हणून गप्प बसू नये. डोंबिवली भागात ६५ इमारतींसाठी खोट्या परवानग्या तयार करून त्यांवर महारेराचे नंबर मिळवले होते. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा हुकूम दिला. घरे घेणाऱ्यांनी नंबर पाहिला होता, पण नंबराखालचा कागदच खोटा होता. म्हणून परवानगीची नक्कल घेऊन स्वतः नगरपरिषदेच्या कचेरीत जावे. "हा कागद तुमच्याच दप्तरातला आहे का?" असे विचारावे. यात लाज कसली? बैल घेताना आपण दात पाहतोच ना!

पैशाविषयी कायद्यातील एक कलम पाठ करून ठेवावे. महारेराखाली येणाऱ्या घराचा नोंदणी केलेला करार होण्याआधी बांधणाऱ्याला किमतीच्या शंभरात दहापेक्षा जास्त रुपये घेता येत नाहीत. "आधी निम्मे द्या, करार मागून करू," असे कोणी म्हटले तर उठून यावे. जागाही मोजून घ्यावी. घराच्या आतली, वापरता येईल तेवढी जागा किती, हे विचारावे. तिला कार्पेट म्हणतात. भाव त्या जागेवर धरावा.

घाई करू नये

आमची शेवटची सूचना सोपी आहे. जिथे घर घ्यायचे मनात आहे, तिथे आधी एक वर्ष भाड्याने राहावे. एक पावसाळा जाऊ द्यावा, एक उन्हाळा जाऊ द्यावा. पाणी, गाडी, शेजार, शाळा, दवाखाना, सारे आपोआप कळते. "आज इसार दिला नाही तर घर जाईल," असे विकणारा म्हणेल. जाऊ द्या. घर गेले तर दुसरे मिळते. रान गेले आणि घरही खोटे निघाले, तर दोन्हीकडचा माणूस उघड्यावर येतो.

पुढच्या वेळी मुलाचा फोन आला की त्याला "नको" म्हणू नका. त्याला घर हवेच आहे आणि ते त्याने घ्यावे. फक्त म्हणा, "बाळा, सकाळी सातला तिथून निघून बघितलंस का? पाणी विचारलंस का? कागद कचेरीत दाखवलास का?" या तिन्ही प्रश्नांना "हो" आले, म्हणजे मग रानाचे बोलावे.

प्रश्न

१. नांदेडची गाडी कल्याणला कोणत्या बाजूने येते? लातूरची कोणत्या बाजूने?

२. रिक्षाला जायला १५ व यायला १५ रुपये लागतात. महिन्यात २५ दिवस काम आहे. वर्षाला किती रुपये लागतील?

३. घर रविवारी दुपारी का पाहू नये?

४. तुमच्या गावातले कोण कोण मुंबईकडे घर शोधत आहे? त्यांना हा धडा वाचून दाखवा.